नारबोदीच्या डोक्यावरचे केस

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे आणि माझ्या पोटात एक अख्खा खंड हादरवून सोडणारं संगीत आहे. निदान माझ्या डबीवर तसं लिहिलेलं होतं. ती डबी पुढे माझ्या मालकाच्या आईने, विमलाबाईंनी, हळदीकुंकवासाठी घेतली, त्यामुळे आता पुरावा उरलेला नाही.

माझा जन्म पंचाऐंशी साली मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बाजारात, प्रेमलालच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात झाला. परदेशातल्या चार केसाळ गृहस्थांनी बरीच वर्षं एकत्र आरडाओरडा केला, मग आपसांत भांडून ते वेगळे झाले. त्यांची सगळ्यात गाजलेली गाणी एका तबकडीवर निघाली. ती प्रेमलालने माझ्यात उतरवली. तबकडी लांब होती आणि मी आखूड. जे गाणं फार लांबलं, त्याची मान प्रेमलालने तिथेच मुरगळली. पहिल्या श्वासापासून मी मारामारीच पाहत आले आहे.

मला विकत घेतलं गुणाकरने. तो रामपायलीजवळच्या एका खेड्यातला जीपवाला. बैहरपर्यंत सवाऱ्या नेई. गाण्यातला एक शब्द त्याला कळत नसे. पण एका गाण्यात गाणारा दाढ उपटल्यासारखा किंचाळतो, मग सगळं थांबतं आणि एकटी गिटार हळूहळू वाजते. ती जागा आली की गुणाकर घाटातसुद्धा जीप हळू करी. सवाऱ्या आधी कुरकुरल्या, हिंदी गाणी मागू लागल्या. महिन्याभरात त्याच सवाऱ्या बरोबर ढोलाच्या जागी पत्र्यावर थापा मारू लागल्या. नवी गाणी दिवाळीला येत आणि होळीपर्यंत जुनी होत. माझी आधीच जुनी होती, त्यामुळे त्यांना तो धोका नव्हता.

त्या पावसाळ्यात गुणाकरला मलेरिया झाला. तापात तो माझीच गाणी बरळू लागला, किंकाळीसकट. त्याच्या आईने, म्हणजे विमलाबाईंनी, त्यातून सरळ निष्कर्ष काढला: पोराला डास नाही, कॅसेट चावली.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोद काढतात. गवताची आणि चिंध्यांची एक बाई करायची. गावातला ताप, खोकला, ढेकूण सगळं तिच्या हवाली करायचं. मग शिवेवर नेऊन तिला काठ्यांनी बडवायचं आणि जाळून टाकायचं. नियम एकच. नारबोदीला दिलेलं परत घ्यायचं नाही. घेईल तो अख्ख्या गावाचा ताप माघारी आणतो.

विमलाबाईंनी माझ्या पोटातली फीत ओढून काढली, विळीवर कापली आणि नारबोदीच्या डोक्यावर केस म्हणून बसवली. उरलेली मी तिच्या गळ्यात. मित्रांनो, इतके सुंदर, चमकदार केस गावातल्या कुठल्याच नारबोदीला कधी मिळाले नव्हते. एवढं समाधान सोडलं, तर माझी अवस्था वाईट होती.

मिरवणूक शिवेवर पोहोचली. गावचा कोतवाल चैतराम याने मानाची पहिली काठी हाणली आणि नारबोदीचा खांदा फुटला. दुसऱ्या काठीने कंबर. कोणीतरी काडी पेटवली, तेवढ्यात अंथरुणातून उठलेला गुणाकर लटपटत आला. त्याने केस ओळखले आणि गर्दीत उडी घेतली.

"गुण्या, सोड. दिलेलं वापस नाही घेत," चैतराम म्हणाला.

"म्या नाही देल्लं. माही कॅसेट आहे ते."

"माही लेक तापानं पडली आहे, बाबू. सोड मुकाट्यानं."

गुणाकरने सोडलं नाही. चैतरामची काठी त्याच्या खांद्यावर बसली, दुसरी डोक्यावर. रक्त डोळ्यांत उतरलं, तसा गुणाकर चैतरामच्या मनगटाला कडकडून चावला. खालच्या टोल्याची, म्हणजे खालच्या वस्तीची, माणसं गुणाकरच्या बाजूने धावली, वरच्या टोल्याची चैतरामच्या. त्यांच्यात नालीवरून जुनं वैर होतं. माझ्यासारखं चांगलं निमित्त पुन्हा कधी मिळणार? कोणाचा दात पडला, कोणाचा कान फाटला, एकाचा हात कोपरातून भलत्याच दिशेला वळला. नारबोदीचे दोन तुकडे झाले आणि लोक तिच्याच तंगड्यांनी एकमेकांना झोडपू लागले. मी चिखलात, आणि माझ्यावर निम्मं गाव.

शेवटी विमलाबाई पळसाची फांदी घेऊन घुसल्या. "माह्या तापल्या पोराले मारतं काय रे, मुडद्या," म्हणत त्यांनी चैतरामला असं सोललं की दोन्ही टोले हात थांबवून बघत राहिले.

गावात गाडी एकच होती, गुणाकरची. सगळे जखमी तिच्यातच कोंबले गेले आणि एका डोळ्याने बघत गुणाकरने शत्रूंना बालाघाटच्या इस्पितळात नेलं. चिखलातून उचलून त्याने मला खिशात घातलं होतं; तिथे डोक्याला टाके पडल्यावर उरलेल्या चिकटपट्टीने त्याने माझी दोन टोकं जोडली. निम्मी गाणी चिखलातच राहिली होती.

परतताना त्याने मला लावलं. चैतराम शेजारी बसला होता, हात गळ्यात बांधलेला. किंकाळीची जागा आली.

"हा काहून वरडून राह्यला?"

"त्याले बी कोनी हानलं असन."

"हौ," चैतराम म्हणाला. "बराबर वरडून राह्यला." मग गिटार वाजली, आणि जीपमध्ये कोणी कण्हलंसुद्धा नाही. गाणं संपलं तेव्हा चैतरामने ते पुन्हा लावायला सांगितलं.

गुणाकरने मला परत आणलं होतं, म्हणजे नियमाप्रमाणे ताप यायला हवा होता. आला नाही. चैतरामची लेकही उठून बसली. त्याच आठवड्यात मलेरियावाले घरोघर औषध फवारून गेले होते, पण त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. माझ्या किंकाळीला नारबोद भ्याली, असंच गावात ठरलं. आता दरवर्षी शिवेवर मी वाजते. माझ्या तालावर दोन्ही टोले मिळून नारबोदीची हाडं मोडतात, एकमेकांची नाही. चार केसाळ गृहस्थांना एकत्र राहणं जमलं नाही, ते त्यांच्या निम्म्या गाण्यांनी जमवलं.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची कदर करा. नारबोदीच्या दिवशी घरोघर मटण असतं, तेव्हा निदान माझी बाजू बदलताना रश्शाचे हात तेवढे पुसत जा.