धनतेरसची घागर

सरजाबाई भांडेवाल्याशी भांडत होती, नेमका तेव्हाच तिचा फोटो निघाला. आठवडी बाजारातलं रणरणतं ऊन, हातात पत्र्याची कोरी घागर आणि तोंड हे एवढं उघडं.

"मागच्या बाजारी ह्या घागरीचा भाव येगळा होता की रे! दिवाळी काय तुझ्या एकट्याच्या घरी आलीय?" असं ती ओरडत होती. तिच्या मागं आमच्या गावच्या पंधरा-वीस बाया, प्रत्येकीच्या काखेत नव्या घागरी.

बायांना हौस नव्हती आली. त्या साली पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. विहिरीचा तळ उघडा पडला होता. टँकरवाल्या मलप्पानं येऊन सांगितलं, "साहेबाचा हुकूम हाय. आता हिरीत वतनार न्हाई. ज्याच्या त्याच्या भांड्यात देनार, आठ दिसाचं एकदाच." आठ दिवसांचं पाणी काय ओंजळीत धरून ठेवायचं? त्यात सरजाबाईची सून पार्वतीचे दिवस भरत आले होते. घागरी घेतल्याशिवाय भागणार नव्हतं.

फोटो काढणारा पेपरवाला होता. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झालेला, त्यामुळं पेपरवाल्यांच्या अंगात आलं होतं. पानंच्या पानं जाहिराती. हे घ्या, ते घ्या, नाही घेतलं तर तुमची दिवाळीच नाही. दुष्काळाची बातमी शोधायला भिंग लागायचं. मला वाचता येतं म्हणून पारावर पेपर वाचायचं काम माझ्याकडं. धनतेरसच्या आदल्या दिवशी पेपर उघडला आणि पहिल्या पानावर सरजाबाई! मी मोठ्यानं वाचलं, "नव्या जिल्ह्याची पहिली दिवाळी! खरेदीला उधाण. धनत्रयोदशीनिमित्त नव्या भांड्यांसह आनंदित झालेल्या ग्रामीण महिला."

"आनंदित?" सरजाबाई म्हणाली. "म्या त्याला शिव्या देऊन राहिले होते, ग्यानोबा!"

बौद्धवाड्यातली सिंधु फोटोत तिच्या शेजारीच होती. ती म्हणाली, "आमच्या घरी धनतेरस असते का, भाऊ? माझी जुनी घागर गळून राहिली म्हून नवी घेतली. कोनाला इचारून लिवलं त्यानं?"

सगळे हसले. मीही हसलो. तेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी, ऐन धनतेरसला, आमच्या पाळीचा टँकर आलाच नाही. पार्वती बाळंत होऊन पाच दिवस झाले होते. लेकराला पहिल्यापासून नुसतं ओल्या फडक्यानं पुसून ठेवलेलं. पाचवीला त्याला न्हाऊ घालायचंच, असं सरजाबाईनं मनाशी धरलं होतं. दुपारपर्यंत वाट पाहून ती उठली. घागरी उचलल्या, बाया गोळा केल्या, मला पुढं घातलं आणि आम्ही तालुक्याच्या कचेरीत जाऊन उभे राहिलो.

साहेबानं तोच पेपर आमच्यापुढं टाकला. "भांड्यांचा बाजार उठवता आणि वर टँकर मागता? वरून विचारणा झाली मला, हीच का तुमची टंचाई म्हणून. तुमच्या गावाची फेरी थांबवली आहे. दिवाळीनंतर पाहणी करू."

"मग आमचं पानी गेलं कुठं?" सिंधुनं विचारलं.

उत्तर खिडकीबाहेरच होतं. खिडकीतून समोरचं मैदान दिसत होतं. तिथं दिवाळीच्या खरेदीचे मांडव लागले होते, कर्ण्यावर जाहिराती बोंबलत होत्या, आणि मलप्पाचा टँकर मैदानभर पाणी शिंपडत फिरत होता. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर धूळ उडू नये म्हणून! माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्या लेकरांच्या तोंडचं पाणी मातीत जिरत होतं आणि वरून त्याला सण म्हणायचं.

मी तोंड उघडणार, एवढ्यात कचेरीचा शिपाई नरसिंग आत आला. त्यानं कागदात गुंडाळलेला नवा पितळी तांब्या टेबलावर ठेवला. "साहेब, साखर भरून आनली. घरी न्यायला रिता नको म्हनले होते तुम्ही."

सरजाबाई त्या तांब्याकडं बघतच राहिली.

"साहेब, आमच्या घागरी धनतेरसच्या हायत म्हंता न्हवं?"

"मी कशाला म्हणू? पेपरात छापून आलंय."

"मग धनतेरसचं भांडं रितं घरात नेत न्हाईत, हे तुमाला ठाव हाय. तुमचा तांब्या भरला. आता आमच्या घागरी भरा."

"बाई, तो वेगळा विषय—"

"येगळा कामून? आमी न्हाई म्हनलो की पेपर खरा, आन् हाव म्हनलो की खोटा?" तिनं घागर दारात आदळली आणि उंबऱ्यावर फतकल मारली. तिच्याशेजारी सिंधु बसली. बाकीच्यांनी बाहेरचा ओटा भरून टाकला. "आज कुनाचंच भांडं घरी जानार न्हाई, साहेब. तुमचं बी न्हाई."

साहेबाच्या घरी पूजेची वेळ होत आली होती. साहेबानं दोनदा घड्याळ बघितलं, एकदा त्या तांब्याकडं बघितलं आणि रागारागानं मलप्पाच्या नावानं चिठ्ठी खरडली. "एकच फेरी! पाहणी व्हायची ती होणारच."

"या की पाहायला," सरजाबाई म्हणाली. "पन येताना प्यायचं पानी घरून आना."

चिठ्ठी वाचून मलप्पानं टँकरचा नळ जागच्या जागी बंद केला. "मला बी हे पानी मातीत वतवत नव्हतं, मावशे," एवढंच तो बोलला आणि टँकर गावाकडं वळवला.

दिवस मावळायच्या आत घरोघरच्या घागरी भरल्या. सरजाबाईनं माझ्याकडं तो पेपर मागितला. मला वाटलं, फोटो जपून ठेवायचा असेल. तिनं तो चुरगाळून चुलीत घातला आणि वर न्हाणाचं पाणी ठेवलं.

"जळू दे मेला. येवढ्याच कामाचा हाय त्यो."

पायावर घेऊन पहिला तांब्या अंगावर ओतला, तसं लेकरू तोंड वासून बोंबललं, थेट आजीच्या फोटोसारखं. ते आनंदित झालंय, असं लिहायला तिथं कुणी पेपरवाला नव्हता.