अर्ध्या कपाची साखर

सोमवारी सकाळी सिद्धलिंगप्पा स्टेशनवरून घरी आले ते वजनाचं तिकीट मुठीत चुरगाळूनच. दर सोमवारी स्टेशनवरच्या लाल-हिरव्या दिव्यांच्या काट्यावर उभं राहायचं, नाणं टाकायचं आणि खाली पडलेलं तिकीट आणून बायकोच्या हातात द्यायचं, असा त्यांचा दोन महिन्यांचा नेम होता. आज मात्र ते तिकीट न देताच पलंगावर बसले आणि पायातली चप्पल जपून काढू लागले.

गौरम्माने तिकीट त्यांच्या मुठीतून सोडवून घेतलं, सरळ केलं आणि वाचलं. शहाण्णव किलो. गेल्या सोमवारी साडेपंचाण्णव होतं.

"वाढलं की हो!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"मागचं वाच की. मागं चांगलं लिहिलंय."

तिकिटाच्या पाठीवर छापलं होतं : 'तुम्ही मनमिळाऊ आहात. दुसऱ्याचं मन मोडणं तुम्हाला जमत नाही.' एरवी गौरम्मा हसली असती. आज तिचं लक्ष नवऱ्याच्या उजव्या पायाकडे होतं. अंगठ्याची पट्टी पुन्हा ओली झाली होती.

निमित्त ते काय! फाल्गुनात नवी चप्पल चावली. चार दिवसांत बरं होईल म्हणून हळद लावली, तर जखम भरेचना. डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर धरली आणि बघता बघता निळ्याचा रंग विटकरी झाला. "अंगात साखर झालीय," ते म्हणाले. "गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. गोड बंद. दहा किलो वजन उतरवा." आणि परवाच्या गुरुवारी त्यांनी जखम बघून चष्मा काढला, गौरम्माकडे वळून सांगितलं, "एक तारखेपर्यंत जखम भरायला लागली नाही, तर अंगठा काढावा लागेल बाई. त्यातही उशीर केलात, तर मग पाऊल."

एक तारखेला सतरा दिवस उरले होते. गौरम्मा भाकरी थापताना ते मोजायची आणि रात्री अंथरुणावर पडल्यावरही मोजायची.

तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? घरात एकट्याचं पथ्य पाळलं जात नाही, म्हणून तिने घरच गोडावाचून केलं. रेशनच्या रांगेत तासभर उभं राहून आणलेली साखर डब्यात ओतायची आणि झाकण घट्ट लावायचं. शेंगापोळ्यांचा डबा तिने शेजारी देऊन टाकला. पाडव्याला या घरात पुरण शिजलं नाही. सिद्धलिंगप्पांच्या ताटात ज्वारीची भाकरी, मेथी नाहीतर चाकवत आणि ताक. एवढं करून काटा वर!

"पोरी, खरं सांग," सासूबाई काशम्मा आतून आल्या. "नवऱ्याची दया येते म्हणून चोरून काही घालालीस का त्याला?"

"अव्वा, मी?"

"मग वजन काय वाऱ्यानं वाढतंय?"

गौरम्माच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ज्याच्यासाठी जीव टाकावा त्याच्याच पायावर आपण कुऱ्हाड मारतो, असं कुणी म्हणावं! ती तशीच नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही बाहेर काही खाता का? गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगा."

सिद्धलिंगप्पांचा चेहरा पडला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, बायकोने अशी शपथ कधी मागितली नव्हती. त्यांनी सदऱ्याच्या आतली, इष्टलिंग ठेवायची चांदीची करडी मुठीत धरली. "दोन महिन्यांत घरात नाही, दारात नाही, गोडाचा घास मी तोंडात घातला नाही. आणखी काय सांगू?"

माणूस लिंग हातात धरून खोटं बोलणारा नव्हता, आणि गौरम्माला त्याचीच जास्त भीती वाटली. खोटं सापडलं असतं तर ते बंद करता आलं असतं. खऱ्याला औषध काय?

ऐन लग्नसराई होती. तुम्हाला पायाने फार उभं राहवत नाही, बायकांना इरकली आणि पातळं दाखवायला कुणीतरी हवं, असं म्हणून त्या दिवशी ती नवऱ्याबरोबर नवी पेठेतल्या आपल्या कापडाच्या दुकानात गेली. गादीच्या कडेला बसून तिने घड्या उलगडायला सुरुवात केली आणि दोन तासांतच तिचे हात थांबले.

आलेलं गिऱ्हाईक गादीवर बसलं की समोरच्या हॉटेलातून कल्लप्पा किटली घेऊन यायचा. गिऱ्हाइकांना कप. सिद्धलिंगप्पा म्हणायचे, "मला अर्धाच ओत." अर्धा कप बशीत, बशी तोंडाला. गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. पुन्हा किटली, पुन्हा "अर्धाच." साखर रेशनवर मोजून मिळायची ना, म्हणूनच पेठेत दुकानाची इभ्रत साखरेवर ठरायची. फिक्का चहा पाजणारा तो कद्रू! तेव्हा कल्लप्पाचा चहा असा, की बशी ठेवली तर बुडाला चिकटावी.

दुपारपर्यंत गौरम्माची मोजदाद चुकली.

संध्याकाळी तिने विचारलं, "दिवसभरात किती चहा घेतलात?"

"असतील तीन-चार. अर्धे-अर्धे तर घेतो."

"आणि त्यातली साखर?"

"अगं, चहा काय खाणं झालं? ते दुकानाचं काम आहे." मग ते गंभीर झाले. "तुला ठाऊक आहे. पेठेत खेड्यातल्या गरिबाला पायरीवर उभं करून वेगळ्या कपात चहा द्यायचे, तेव्हा अप्पांनी धुळा धनगराचा हात धरून त्याला गादीवर बसवलं. त्याच्यासारख्याच कपात त्याच्याबरोबर प्याले. या गादीवर कुणी एकटा चहा पिणार नाही, ही अप्पांची रीत. मी नको म्हटलं तर समोरचा काय समजेल? मालकाला आपल्याबरोबर पिणं चालत नाही! नाही गौरा, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

सासऱ्यांची ती रीत गौरम्मालाही अभिमानाची होती. चांगल्या रीतीशी भांडायचं कसं? वाईटाशी भांडणं त्यामानाने सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा तिच्या पिशवीत साखरेचा डबा होता, एक काचेचा पेला होता आणि चमचा होता. वाटेत तिने कल्लप्पाला विचारून घेतलं, अर्ध्या कपात साखर किती? "एक चमचा वहिनी, शीग लावून. आपल्याकडं हात आखडता न्हाय!" तो ऐटीत म्हणाला.

पेला तिने कपाटाच्या आड ठेवला. सिद्धलिंगप्पांनी बशी तोंडाला लावली की ती शिगोशीग एक चमचा पेल्यात टाकायची. पहिले दोन चमचे तळाशी जेमतेम दिसत होते. अकराच्या सुमाराला पेला पाव भरला. अक्कलकोटचे व्यापारी आले, ते बोलत बसले, दोनदा चहा झाला. दुपारी उन्हाने पेठ ओस पडली, तेव्हा शेजारचा दुकानदार गप्पा मारायला आला आणि एक चमचा वाढवून गेला. चार वाजता तेरा चमचे झाले होते. आणि अजून दिवे लागायचे होते.

तेवढ्यात दुकानासमोर टांगे थांबले. वळसंगहून लग्नाचा बस्ता आला होता. मुलीकडचे, मुलाकडचे मिळून चौदा माणसं. पुढे फेटा बांधलेला म्हातारा, तोच धुळा! नातीचं लग्न काढलं होतं आणि बस्ता इथेच बांधायचा म्हणून दोन्हीकडच्यांना घेऊन तो आला होता. सिद्धलिंगप्पा लंगडत पुढे गेले, त्यांनी म्हाताऱ्याला हात धरून गादीवर बसवलं. हंगामातली एवढी मोठी खरेदी! त्यांचा चेहरा फुलून गेला.

"कल्लप्पा! चौदा कप! आणि मला अर्धा!"

चहा आला. बशा भरल्या. सिद्धलिंगप्पांनी बशी उचलली आणि गौरम्मा उठली. सून म्हणून या घरात आल्यापासून ती चारचौघांत नवऱ्यापुढे आवाज काढून बोलली नव्हती. तिने पेला आणून नवऱ्यासमोर, उलगडलेल्या शालूंच्या मधोमध ठेवला.

"आधी हे खा," ती म्हणाली, "मग तो चहा प्या."

"काय आहे हे?" सिद्धलिंगप्पांनी दबक्या आवाजात विचारलं.

"सकाळपासून तुम्ही प्यालात ती साखर. तेरा चमचे. दाणा इकडचा तिकडं नाही. चमचा घ्या आणि खा की! गोडाचा घास तोंडात घातला नाही म्हणून शपथ घेतली ना लिंगावर?"

"गौरा!" त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "गिऱ्हाइकासमोर? अब्रू घालवालीस माझी? उचल ते!"

"नाही उचलणार. सोळा दिवस राहिले. सतराव्या दिवशी डॉक्टर अंगठा कापतील. अब्रू राहील आणि पाय जाईल, चालेल तुम्हाला?"

मुलाकडचा एक पाहुणा चुळबुळत म्हणाला, "आमचं काय चुकलं का मालक? चहा नको आसंल तर ऱ्हाऊ द्या."

झालं! ज्याची भीती होती तेच! सिद्धलिंगप्पांनी घाईघाईने बशी ओठांजवळ नेली. त्या क्षणी धुळाने हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं.

"थांबा मालक. पाय दावा."

"काही नाही धुळाबा, जरा चप्पल..."

"दावा म्हनतो न्हवं!"

म्हाताऱ्याने वाकून पट्टी बघितली, अंगठ्याचा काळपट रंग बघितला. जन्मभर मेंढरांची खुरं हातात धरलेला माणूस तो. त्याचा चेहरा बदलला. "लई वंगाळ हाय ह्ये. आसं झाल्यालं मेंढरू मी पाच कोस खांद्यावर आनलंय, पर जगलं न्हाय. आनि तुमी च्या पिताय व्हय?"

"धुळाबा, अप्पांनी घालून दिलेली रीत मी कशी मोडू? तुम्हालाच तर त्यांनी पहिल्यांदा..."

"आता तुमी मला सांगनार?" धुळा ताठ बसला. "त्यो दिवस माज्या बानंबी पाहिला नव्हता, मी पाहिलाय. मी पायरीवर हुबा. तुमच्या बानं दंड धरून हितं, ह्याच गादीवर बसवलं. च्या मागवला. आनि काय म्हनलं ठावं हाय? लढाईचं दिस हुतं, साकर कुटंच मिळत नव्हती. त्येनी हात जोडलं. म्हनलं, धुळा, आज साकर न्हाय बाबा, फिक्काच घे. आमी दोगांनी फिक्का च्या प्याला!"

सिद्धलिंगप्पा बघतच राहिले. ही गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितली होती आणि हा शेवट त्यांना माहीतच नव्हता!

"तीस वर्सं झाली," धुळा पुढे म्हणाला, "त्यो च्या मी इसरलो न्हाय. तुमच्या बानं मान दिला त्यो शेजारी बसवून दिला. साकर घालून न्हाय. आमी वळसंगास्नं हितवर काय साकरंसाटी येतो व्हय? हॉटेलं काय थोडी हायती पेठंत? तुमी ह्या गादीवर दिसावं म्हनून येतो की!"

गौरम्माने पदर डोळ्यांना लावला. सिद्धलिंगप्पांनी समोरच्या पेल्याकडे पाहिलं. एवढी साखर कुणी वाटीत घालून पुढे केली असती तर पहिल्या दोन चमच्यांतच त्यांनी तोंड फिरवलं असतं. आणि हीच साखर ते अर्ध्या-अर्ध्या कपाने, हसतमुखाने, रोज पोटात ढकलत होते. वर शपथ घेत होते! बायकोच्या पथ्याला नावं ठेवली गेली, तेव्हा गप्प बसले होते. त्यांना आपली अतिशय लाज वाटली.

त्यांनी बशी खाली ठेवली.

"चुकलो गौरा," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "कल्लप्पा! माझा चहा आजपासून बिनसाखरेचा. आणि दिवसातून दोनदाच. बाकीच्या वेळी गिऱ्हाइकाबरोबर मी पाणी पिईन, पण बरोबर पिईन!"

"बिनसाखरेचा?" कल्लप्पा डोळे विस्फारून म्हणाला. "त्याला चहा कोण म्हणंल मालक?"

"मी म्हनंन," धुळा म्हणाला. "जा, दोन फिक्कं घिऊन ये. एक मला."

दोघांनी फिक्का चहा बशीत ओतून घेतला. पहिल्या घोटाला सिद्धलिंगप्पांचं तोंड असं काही वाकडं झालं की नवरी मुलगीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मग बस्ता बांधला गेला, दिवे लागेपर्यंत घड्या उलगडत राहिल्या. निघताना गौरम्माने पेल्यातली साखर कागदात बांधून नवरीच्या हातात दिली. रेशनच्या दिवसांत लग्नघरी ती सत्कारणी लागणार होती.

त्यानंतरचे सोळा दिवस कुणाचेच सुखाचे गेले नाहीत. पहिल्या आठवड्यात सिद्धलिंगप्पांचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, कपाटाआडून ते कल्लप्पाच्या किटलीकडे बघायचे. दोघं-तिघं गिऱ्हाइकं रुसलीही. पण एक तारखेला नळीतलं औषध तापून हिरवट झालं, विटकरी झालं नाही. डॉक्टरांनी जखमेची कड दाबून पाहिली. कडेने लाल, कोवळं मांस धरत होतं. "अंगठा राहील," ते म्हणाले, "पण पथ्य सुटलं तर मी जबाबदार नाही."

घरी आल्यावर काशम्मांनी सुनेचा हात हातात घेतला. "तुला बोलले ते मनात धरू नको गं," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढल्या सोमवारी तिकिटावर साडेत्र्याण्णव किलो आलं. मागे काय छापलं होतं ते वाचायचं राहूनच गेलं.

बंधुभगिनींनो, आपल्या घरी येणाऱ्याला आपण आग्रहाने गोड देतो आणि आपल्याला दिलेलं संकोचाने नाकारत नाही. दोन्ही प्रेमाच्या पोटीच होतं. पण ताटातल्या गोडावर पहारा ठेवून कपातलं गोड सोडून देऊ नका. अर्धा अर्धा म्हणत घेतलेल्याची बेरीज शरीर विसरत नाही. आणि एखाद्याने "साखर नको" म्हटलं तर त्याने आपला मान नाकारला असं समजू नका. त्याला फिक्का चहा द्या आणि शेजारी बसा. मान त्या बसण्यात आहे.