तक्रारीआधीचा चहा

वकारभाई तक्रार-शिबिराला निघाले की थर्मास आधी भरायचे, कागद मागनं. डोंगरातली माणसं बुजरी, चहा पाजला की जीभ मोकळी होते, अशी नांदेड जिल्ह्यातल्या या कारकुनाची समजूत. वेलचीचा चहा सगळं पोड, म्हणजे डोंगरावरची ती वस्ती, फुंकून फुंकून प्यायचं, गोड हसायचं, आणि वकारभाई तक्रारीच्या रकान्यात 'निरंक' लिहून डोंगर उतरायचे. पोडावरचा हापसा मात्र दिवाळीपास्नं कोरडा खडखडत होता. केवळाबाई सुजल्या गुडघ्यानं घागर घेऊन नाल्यावर जात होती.

तिची लेक अयोध्या लातूरला क्लास करून राहिली होती. सुट्टीत आली, आईमागं नाल्यात उतरली आणि चढ चढेस्तोवर तिचा राग नाकावर आला. साहेब दर खेपेला येतात, मग सांगत का न्हाईस, असं तिनं विचारलं. क्लासात जाऊन पोरगी येडी झाली की काय, असं केवळाबाईनं तिच्याकडं बघितलं.

"ज्याचा घोट घेतला, त्याच्याम्होरं गाऱ्हानं घालत्यात व्हय? रीत हाय आपली. त्यो च्या आधीच पाजतो, गं बाई. गोड बी लई असतो."

अयोध्या हसत सुटली. पुढच्या शिबिराला तिनं वकारचाचांना पायथ्यालाच गाठलं. ऐकता ऐकता ते थर्मासकडं चोर सापडल्यागत बघू लागले. लोकांच्या तोंडाला कुलूप आपणच घालत होतो म्हणायचं, असं पुटपुटत त्यांनी तो जीपमध्येच ठेवला.

वर केवळाबाईनं तांब्या पुढं केला. नाल्याचं पाणी, तळाला गाळ.

"आज तुमी आमचा घोट घ्या, भाऊ. मंग तुमाला बी न्हाई म्हनता यायचं न्हाई."

वकारभाईंनी तांब्यात पाहिलं, डोळे मिटले आणि प्यायले. मग पेन उघडलं. पोड असं बोलू लागलं की कागद पुरेनात. हापसा सगळ्यांत वर.

पोटात गुडगुड चालली होती तोवर वकारभाईंनी कचेरीत हापशाचा पिच्छा सोडला नाही. गुडगुड थांबली, तरीही सोडला नाही.

पळस फुलला तेव्हा हापशानं पहिली धार टाकली. दांड्यावर हात ठेवून केवळाबाईनं गळा सोडला:

पानी आलं हापशाला, गाऱ्हानं गेलं फिटून
आन रं भाऊ तुजा च्या, पिऊ समदे वाटून

वकारभाई थर्मास आणायला जीपकडं पळाले.