पोराला धरायची रीत

यंदा आमच्या दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेला एकशे बारा कथा आल्या. त्यांपैकी एक्केचाळीस कथांत आई मरते आणि तेराव्यानंतर तिची पेटी उघडली जाते. पेटीत पत्र असते. सव्वीस पत्रे मुलाला, नऊ मुलीला आणि सहा परपुरुषाला लिहिलेली होती. एका पेटीला कुलूप होते. किल्ली कुठून आली ते लेखकाने सांगितले नव्हते, पण पत्र निघालेच.

याचे कारण सोपे होते. गेल्या वर्षी आमच्याच अंकात पेटीतल्या पत्राची एक कथा आली. संपादक सुमंत यांनी तिचे ध्वनिमुद्रण करून मोबाइलवर सोडले. ते घरोघरच्या ग्रुपांत फिरले, लोक रडले, पुढे पाठवून मोकळे झाले. तेव्हापासून सुमंतांना वाटते की वाचक म्हणजे काय ते त्यांना समजले आहे. त्यांच्या मते वाचकाला एक अश्रुग्रंथी असते आणि बाकी काही नसते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. अंकासाठी पहिले वाचन माझ्याकडे असते, कारण मी कागद वेळेवर परत करते. माझी पद्धत अशी: सगळ्या कथा वाचायच्या, गठ्ठा बांधून ठेवायचा, आठ दिवस त्याला हात लावायचा नाही. नवव्या दिवशी कोरा कागद घेऊन जे आठवेल ते लिहायचे. आठवत नसेल तर तो माझ्या स्मृतीचा दोष असू शकतो, म्हणून ती कथा पुन्हा एकदा वाचते. बहुधा दोष माझा नसतो.

या वेळी मला तीन कथा आठवल्या. एक आठवली, कारण तिचा नायक नायट्रोजनच्या वासाने जागा झाला होता. नायट्रोजनला वास नसतो, आणि असता तर आपण जन्मभर जागेच राहिलो असतो. दुसरी आठवली, कारण लेखकाने मला चार वेळा फोन केला होता. तिसरी भिवापूरच्या वंदना नावाच्या मुलीची होती, वहीच्या रेघी पानांवर लिहिलेली.

तिच्या कथेतली बाई सातऱ्यावर कामाला जाते. सातरा म्हणजे मिरचीचे देठ खुडायचे आवार. दिवसभर खुडून ती घरी येते, कोपराने दार ढकलते. रडणारे पोर पायांना येऊन बिलगते. ती त्याला कोपराने ढकलते, ते पडते. मग ती त्याला उचलते, पण मनगटांच्या वरच्या भागाने. तळहात मात्र बाहेर, त्याच्यापासून लांब. पोराला पाच वर्षांचे होईपर्यंत वाटत असते की सगळ्याच आया अशाच धरतात. तिथे कथा संपते. हाताची आग होते, असे वाक्य कुठेही नाही. मी कागदावर हे सगळे न थांबता लिहिले आणि खाली पहिला क्रमांक लिहून पाठवले.

सुमंत म्हणाले, "चांगली आहे, गार्गीताई. फक्त जरा थंड आहे." मी म्हटले, "थंड नाही, अचूक आहे." त्यांनी या वाक्याकडे पाऊस आला की बघतात तसे पाहिले आणि खिडकी लावून घेतली.

महिन्याभराने मी तपासलेली कवितांची पाने द्यायला धंतोलीतल्या कार्यालयात गेले. आमचे कार्यालय एका पॅथॉलॉजीच्या वरच्या मजल्यावर आहे. जिन्यात लोक नाकाला रुमाल लावून उभे असतात. आत पाने जुळवणारे प्रेमानंद संगणकासमोर होते आणि सुमंतांच्या टेबलासमोर एक मुलगी उभी होती. हातात कार्यालयाने मोबाइलवर पाठवलेली, तिने छापून काढलेली तिच्या कथेची पाने. ही वंदना. सकाळच्या बसने आली होती. भिवापूरला झेरॉक्सच्या दुकानात काम करते, दहावीपर्यंत स्वतः सातऱ्यावर बसायची, असे तिने मला नंतर सांगितले.

"सर, हे कोनी लिहिलं जी?" तिने शेवटच्या पानावर बोट ठेवले.

मी तिच्या खांद्यावरून वाचले. मूळ शेवट गेला होता. त्याच्या जागी होते: 'तिने त्याचा इवलासा चेहरा दोन्ही तळहातांत घेतला आणि त्याचे डोळे हळुवार पुसले. त्या स्पर्शात सारे आभाळ मावले होते.'

"दोनच वाक्यं आहेत," सुमंत म्हणाले. "शेवट उंचावला. वाचकाला स्पर्श हवा असतो."

"पन ती आत्ताच सातऱ्यावरून आली न सर."

"म्हणूनच तर! दिवसभराच्या कष्टानंतरची माया."

"तिच्या हाताले मिरची आहे. पोराचे डोळे जातीन."

प्रेमानंद खुर्चीसकट वळले. "बाप रे! सर, ते पोरगं असं बोंबलन का इथं खाली रक्त द्यायले आलेले पळून जातीन."

"प्रेमानंद, तुम्ही पानं बघा. तिनं हात धुतले असतील, हे वाचक गृहीत धरतो."

"धुतल्यानं जात नाही जी," वंदना म्हणाली.

सुमंतांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना आधार हवा होता, त्यांना माहिती मिळाली. "पाण्यात विरघळत नाही," मी म्हटले. "तेलात विरघळते. तेल चोळून धुतले तरी त्या दिवशी पुरते जात नाही."

"गार्गीताई, ही कथा आहे, प्रॅक्टिकल नाही. आपले वाचक काही भिवापूरचे नाहीत."

"माही आई आहे," वंदना म्हणाली. "रुखमाबाई. अन् तिच्यासंग तीस-बत्तीस बाया. अंक आला का वाचून दाखवीन म्हणून सांगून ठेवलं मी. हे आयकलं तर त्या हासनार नाहीत, सर. त्या मले इचारतीन, तू सातऱ्यावर बसली होती का नाही."

सुमंत खुर्चीत मागे टेकले. वाईट माणूस नव्हे. त्यांनी पुष्कळ वाचले आहे. पण गेली काही वर्षे ते वाचतात ते फक्त आकडे: किती जणांनी ऐकले, कितव्या मिनिटाला सोडले. ज्या गोष्टीने लोकांनी शेवटपर्यंत ऐकले, ती गोष्ट ते सगळ्यांत घालतात, घरात एकच मसाला असलेल्या माणसासारखे. भाजीत, वरणात, आता पोराच्या डोळ्यांत.

"हे बघ," ते समजुतीने म्हणाले, "पहिली कथा छापून येते आहे. पहिला क्रमांक. त्यात ध्वनिमुद्रण. लोक यासाठी वर्षानुवर्षं थांबतात. पानं पाचला प्रेसला जातात. ही अशीच जाईल, नाही तर जाणार नाही."

"मूळ शेवट मी निवडला होता," मी म्हटले.

"तुमचं काम निवडायचं. ते झालं."

वंदनाने पाने टेबलावर ठेवली आणि शेवटचे पान पुन्हा वाचले, ओठ हलवत. खाली नाव होते, तिचे पूर्ण नाव, ठळक अक्षरांत. त्यावर तिची नजर बराच वेळ राहिली.

"मले नाव पाहिजे होतं छापलेलं," ती म्हणाली. "खोटं नाही बोलत. पन हे नाही पाहिजे."

"नीट विचार कर."

"तुमाले इतकं चांगलं वाटून राहिलं तं तुमचंच नाव टाका न सर."

प्रेमानंद फिसकन हसले. मी मात्र सुमंतांकडे पाहत होते. क्षणभर त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "तसं बरं दिसणार नाही."

"आठ पानं खाली होतात सर," प्रेमानंद म्हणाले.

सुमंतांनी कपाटातून गठ्ठा काढला. वरून तिसरी कथा घेतली, न वाचता पाने मोजली, साडेसात भरली. ती कुलूपवाली होती. मी ओळखली, कारण लेखकाने शीर्षकाभोवती पानाफुलांची चौकट काढली होती. पहिला क्रमांक तिला गेला.

मी वंदनाबरोबर खाली उतरले. तिने हात करून रिक्षा थांबवली. मग वळून म्हणाली, "मॅडम, पस्तावीन का मी?"

"काही दिवस वाईट वाटेल," मी म्हटले.

"ते तं आत्ताच वाटून राहिलं," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

दिवाळीत अंक आला. पेटीची कथा पुष्कळांनी ऐकली, असे सुमंतांनी आकड्यांसह कळवले. त्याच पत्रात पुढच्या वर्षीसाठी 'अशाच प्रकारच्या' कथा सुचवण्याची विनंती होती. मी मजकूर पोचल्याचे कळवले आणि पुढल्या वर्षी वाचन जमणार नाही, एवढेच लिहिले.

डिसेंबरात सातरे सुरू झाले. एका दुपारी वंदनाचा फोन आला. मागे बायकांचा कालवा होता.

"वाचून दाखवली मॅडम. वहीतूनच."

"मग?"

"पैले कोनी लक्ष नाही दिलं. हात चालूच होते. मंग हात थांबले. मुकादम वरडला, तं आईनं त्याले म्हटलं, बस न गा, तूही आयक."

"आणि नंतर?"

"नंतर भांडनं! तिघी म्हणून राहिल्या, ते पोरगं माहं व्हय म्हणून." ती हसली, मग आवाज खाली आला. "पन एक झालं जी. मधात ते आहे न, ती पोराले कोपरानं धकलते, ते पडते. ते आयकून पंचफुलाकाकू उठून गेली. संध्याकाळी घरी आली. म्हणे, तेवढं काढ, माह्या हातून झालं होतं ते, सगळ्याइले समजलं. आईही म्हणे, काढून टाक वं, काय जाते तुहं."

ती ओळ मला आठवत होती. तिच्यामुळेच पुढचे उचलणे खरे वाटत होते.

"तुम्ही काय केलंत?"

"नाही काढलं," वंदना म्हणाली. "रडली ती माह्याजवळ, तरी नाही काढलं. दोन दिवस बोलली नाही मंग. आज जेवताना जवळ येऊन बसली अन् इचारलं, त्या पोराचं पुढं काय करून राहिली तू म्हणून."

"काय सांगितलं?"

"सांगितलं, तूच सांग काकू, मोठा झाल्यावर काय म्हने तो तुले. सांगून राहिली आता. थांबा मॅडम, ठेवतो, नाहीतं तिची गोष्ट सुटन."