गॉडफ्रेचा चांगला हात

निर्मळ गावातल्या आमच्या आळीत सध्या माझ्याविषयी एकच मत आहे: क्लेमेंटीनने आजारी नवऱ्याचा हात बांधून ठेवला. मत खोटं नाही. पण बांधला तो चांगला हात, हे कळल्यावर लोक जास्तच चिडतात.

पावसाळा सरता सरता गॉडफ्रेला मेंदूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, त्याचे ते रटाळ विनोदही शाबूत राहिले. उजवा हात मात्र रुसला. बोटं जेमतेम हलायची. गॉडफ्रे गावच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो आणि ट्रंपेटच्या कळा उजव्या हाताने दाबायच्या असतात. जानेवारीत आमच्या ॲनिशाचं लग्न. लेक घरातून चर्चला निघेल तेव्हा पहिली धून मीच वाजवणार, हे तो ती पाळण्यात असल्यापासून सांगत आलाय.

विरारची जेसिका, त्याची फिजिओथेरपिस्ट, म्हणाली, "काका, हात धडधाकट आहे. मेंदूचा निरोप तिथवर पोचत नाही."

मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. पुढचं मी सांगायला घेतलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीक फट असते. निरोप विजेसारखा पेशीभर धावतो आणि फटीपाशी अडतो. तिथे पेशी रसायन सोडते. पलीकडचीला ते पुरेसं मिळालं तरच ती निरोप पुढे धाडते, नाहीतर ढिम्म.

गॉडफ्रेचा चेहरा आठवीच्या शेवटच्या बाकासारखा झाला, म्हणून मी शेजारच्या मेरीमावशीचं उदाहरण घेतलं. तिच्या आणि आपल्या घरांमध्ये कुंपण आहे. एकीने कुंपणावरून काही सांगितलं तर ती नुसतं हं म्हणते. चौघींनी लागोपाठ तेच सांगितलं, की चपला घालून पुढच्या घरी निघते. आणि रोज सांगत राहिलं, तर पुढेपुढे नुसत्या खोकल्यावर निघते.

"मग माझी मेरीमावशी मेली का?" गॉडफ्रेने विचारलं.

"तुझ्या काही पेशी मेल्या. त्या काही परत यायच्या नाहीत. पण शेजारच्या पेशी त्यांचं काम शिकतात. शिकवलं तर."

शिकवायचं म्हणजे उजव्या हाताने तेच तेच पुन्हा करायचं. साहेबांना त्याचा कंटाळा. डावा हात होताच सेवेला: चमचा, मोबाइल, सदऱ्याची बटणं. शेवटी जेसिकाने सांगितलं, दिवसातले काही तास डाव्या हाताला मोजा घाला, म्हणजे उजव्याला हलावंच लागेल. मी जुन्या गोधडीचा जाड मोजा शिवला आणि मनगटाला फाटक्या दप्तराची वेल्क्रोची चिकटपट्टी लावली.

पहिल्याच दिवशी त्याने पेज अंगावर सांडली आणि माझा उद्धार केला. तेही चाललं असतं. पण मग मेरीमावशी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, घेऊन आली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही, आणि आजाऱ्याला स्वतःच्या हाताने खाऊही देत नाही. ती भरवून गेली. मग आळीतलीच रोवेना खीर भरवून गेली. त्यानंतर रांगच लागली. गॉडफ्रे पिलासारखा तोंड उघडून बसायचा आणि उजवा हात मांडीवर पडून राहायचा. एके दिवशी माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं.

बातमी कुंपणाकुंपणावरून गावभर गेली. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मेरीमावशी थेट फादरनाच घेऊन आली.

"क्लेमेंटीन, दुखणेकऱ्यावर थोडी दया असावी," फादर म्हणाले.

"दया सगळा गाव करतोय, फादर. म्हणून तर हात बसून आहे."

"बघा," गॉडफ्रे म्हणाला. फादर समोर असल्यामुळे त्याला जोर चढला होता. "हिला ट्रंपेट वाजवणारा हवाय. मी नकोय."

ते मला फार लागलं. मला तोच हवा होता. लग्नाच्या दिवशी दुसरा कुणी वाजवतोय आणि हा भिंतीकडे तोंड करून बसलाय, हे मला बघवलं नसतं, एवढंच.

"आता बस झालं," तो म्हणाला. चिकटपट्टी चर्रकन ओढून त्याने मोजा उपटला आणि माझ्या पायाशी फेकला.

"बरं केलंस रे बाबा," मेरीमावशी म्हणाली. मी ढसाढसा रडायला लागले तेव्हा तिघांनाही वाटलं, बाई एकदाची हरली.

गॉडफ्रेचा राग झर्रकन उतरला. "क्लेमी, चुकलो मी. रडू नको."

"डाव्या हाताचा मोजा," मी कसंबसं म्हटलं, "तू कुठल्या हाताने काढलास?"

तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. बोटं अजून वाकलेलीच होती.

मी मोजा उचलला, झटकला आणि त्याच्यापुढे धरला.

"परत घाल," मी म्हटलं. "आणि परत काढ."