ठेंगणीचा कार्बोरेटर

आईला गाडी विकायला राजी कर, असा धाकट्या भावाचा फोन आला आणि मी निघाले. गाडी म्हणजे इंजिन मागच्या बाजूला असलेली, आम्हा भावंडांच्या जन्माआधीची एक छोटी गाडी. आई तिला ठेंगणी म्हणते. भावाचं म्हणणं असं, की ठेंगणी आता नुसता काळा धूर ओकते, उभ्या उभ्या बोंबलते, शेजारी धडाधड खिडक्या लावून घेतात. आई दर आठवड्याला कार्बोरेटर उघडून बसते, तरी फरक शून्य. तुझं ऐकते ती, असंही म्हणाला. मला हसूच आलं.

खरं सांगायचं तर मी गाडीसाठी निघालेच नव्हते. चार महिन्यांपूर्वी मी आईला फोनवर सांगितलं होतं, की नवरा आणि मी वेगळे झालो. सगळ्यांत आधी तिलाच सांगितलं. तेवढं एक वाक्य आठवडाभर घोकलं होतं, तरी तोंडातून काढायचं तर जिवावर आलं होतं. पलीकडून ती म्हणाली, "बरं झालं. जेवून घे." आणि फोन ठेवला. पुढे दर रविवारी मी फोन करत राहिले, तीही हो-हो करत राहिली, पण त्या गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. आईचीच ही तऱ्हा, तर भावाला कशाला सांगा, म्हणून त्यालाही कळवलं नाही. ते "बरं झालं" माझ्या मनातून जात नव्हतं. या खेपेला तोंडावर विचारायचं, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही, असं ठरवूनच आले होते.

बेल वाजवून वाजवून बोट दुखलं. दार कोणी उघडेना. भाऊ कामावर गेलेला. माझा पारा चढायला एवढं पुरेसं होतं. घराला वळसा घालून गॅरेजमध्ये गेले, तर बाईसाहेब ठेंगणीच्या पाठीमागे स्टुलावर बसलेल्या. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा दचकली, मग हसली, आणि आलीच आहेस तर हे ताट धर म्हणाली. माझी आई अशीच आहे. आधी काम, मग ख्यालीखुशाली.

ताट धरून मी उभी राहिले आणि ती एकेक भाग सोडवून त्यात ठेवत गेली. आधी एअर फिल्टर, मग झाकण, त्याखालच्या छोट्याशा वाटीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट. वाटीच्या तळाशी गाळ नावालासुद्धा नव्हता. मग तिने जेट काढले. ज्यांच्या बारीक भोकांतून पेट्रोल जातं ते हे पितळी तुकडे. उजेडासमोर धरून तिने त्यांतून पाहिलं, फुंकर मारली. त्यात तार कधी घालायची नाही, भोक मोठं होतं, हे तिने मला शंभराव्यांदा सांगितलं. सगळं लख्ख होतं. मग धूर कशाचा, असं मी विचारलं, पण तिची पाठ माझ्याकडे होती आणि उत्तर आलं नाही. मी मनात म्हटलं, बघा, पुन्हा तेच.

निवृत्त होईपर्यंत आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानांचा तिला भारी तोरा. नुसत्या "हॅलो"वरून माणूस रडून आलाय की जेवून, ते सांगायची. गाडीही कानानेच लावायची. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला, आणि हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. इंजिनाचा श्वास सुराला लागला की कळतो, म्हणायची.

सगळं जोडून तिने गाडी सुरू केली आणि तापू दिली. मग नळी कानाला लावून स्क्रू फिरवू लागली. मध्येच एका जागी इंजिन असं काही गोड चालायला लागलं, की माझ्यासारख्या अडाण्यालाही कळावं. मी म्हणणार होते, बास. तेवढ्यात ती उठली, चालकाच्या जागेवर जाऊन बसली, आणि चालू गाडीची किल्ली पुन्हा फिरवली.

स्टार्टर असा किंचाळला की माझे दात शिवशिवले. ती किल्ली धरूनच होती. मी धावत खिडकीशी गेले आणि माझा चेहरा पाहून तिने हात काढला.

"बंद पडली म्हणून..." ती म्हणाली.

चालूच आहे, असं मी हाताने दाखवलं. तिने डॅशबोर्डवर तळवा टेकवून इंजिनाची थरथर चाचपली. मला एकेक गोष्ट लख्ख दिसायला लागली. हळू चालणारं इंजिन तिला ऐकूच येत नव्हतं, म्हणून ती दर वेळी पेट्रोल वाढवायची, रेस वाढवायची. कार्बोरेटर बिचारा ठणठणीत होता. बेलही तिला ऐकू आली नव्हती.

"कधीपासून?" मी तिच्यासमोर वाकून विचारलं.

बरेच दिवस झाले, ती म्हणाली. समोर माणूस असला की तोंडावरून ओळखते. भाऊ ओरडूनच बोलतो, त्यामुळे घरात निभतं. जन्मभर लोकांचे फोन जोडले आणि आता ऐकू येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू? गाडी हातची जाईल ती वेगळीच. मग म्हणाली, आधी हिचं नीट होऊ दे.

आम्ही दोघी पुन्हा मागे गेलो. तिने स्क्रू फिरवला, मी तिच्या खांद्यावर हात ठेवून ऐकत राहिले आणि जागा सापडली तशी खांदा दाबला. ठेंगणी शांत झाली. धूर थांबला. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं, मी म्हटलं. ती म्हणाली, जाऊ, पण गाडी मीच चालवणार. तू फक्त मागून कोणी हॉर्न देतंय का ते सांग. गाडी विकायची नाही, भावाला काय सांगायचं ते ठरून गेलं.

मग तिने गाडी बंद केली आणि माझ्याकडे वळली.

"फोनवर तुझा आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. मध्ये एकदा फार बारीक आवाजात बोलत होतीस. काहीतरी झालंय हे कळलं. पुन्हा विचारायची लाज वाटली गं. आता सांग. सावकाश."

मी सांगितलं. या वेळी आठवडाभर तयारी केलेली नव्हती, तरी सांगता आलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती. शेवटी तिने तेलकट हातांनीच माझे दोन्ही हात धरले. बराच वेळ सोडले नाहीत. इतक्या दिवसांचा माझा राग कुठे गेला कोण जाणे, मला फक्त रडू येत होतं.

"आणि मी काय म्हणाले तुला?" तिने विचारलं.

"जेवून घे, म्हणालीस."

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.