बेरिंगवरचं गाऱ्हाणं

आमचे हे, नाव घ्यायचंच तर हरिश्चंद्र, मुंबईला विमानांच्या कारखान्यात जेट इंजिनं उघडायचे. वर्षातून एकदा सुगीला घरी येत आणि आल्या दिवसापासून गावाला जेटच्या गोष्टी ऐकवत. मी लग्नाची बायको, पण माझ्यापेक्षा बेरिंगांचं कौतुक जास्त. त्रेसष्ट साली येताना त्यांनी जेटच्या तेलाचा अर्धा डबा आणला. उघडलेला डबा विमानाला पुन्हा वापरत नाहीत, टाकून देतात. तो ह्यांनी मागून घेतला होता.

शिरोड्याच्या वाटेवर आमची भाताची गिरण. माझे थोरले दीर, बाबली भावोजी, ती चालवत. सासरे लवकर गेले, तेव्हा भावोजींनी स्वतःची शाळा सोडून धाकट्या भावाला शिकवलं. गिरणीचं इंजिन एकच, तेही जुनं, आणि घरातली सगळी तोंडं त्याच्यावर अवलंबून. बेरिंगच्या आतला मऊ धातू तापून वितळला तर ते कोल्हापूरला न्यावं लागणार, आणि परत येईपर्यंत सुगी संपलेली असणार.

म्हणून भावोजींची एक रीत होती. इंजिन थोडा वेळ चाललं की उजवा तळवा बेरिंगच्या टोपीवर ठेवायचा आणि ग्रामदेव रवळनाथाला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्यानं मागणं मागायचं. गाऱ्हाणं संपेपर्यंत हात टिकला तर सगळं ठीक. नाही टिकला तर इंजिन बंद. दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायला भात घेऊन आलेली माणसं असायचीच.

त्या सकाळी ह्यांनी बेरिंगमधलं जुनं दाट तेल काढलं आणि आपलं ओतलं. पाण्यासारखं पातळ.

"ह्या पुरतला मां रे?" भावोजींनी विचारलं.

"दादा, जेट मिनिटाक हजारो फेरे मारता, ता ह्याच तेलार. तुझा इंजान म्हणजे बैलगाडी."

भावोजींची छाती फुगली. येईल त्याला सांगत सुटले, "भावान विमानाचा तेल घातल्यान हा." लोक डबा हातात घेऊन वास घेत होते. हे बाजूला उभे, जणू नवरदेव. मला हसू येत होतं, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटत होता.

मग भावोजींनी तळवा ठेवला. "बा देवा रवळनाथा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली. एरवी त्यांचं गाऱ्हाणं म्हणजे चुलीवरची पेज, सावकाश शिजणारी. त्या दिवशी मात्र ते पळत सुटलं. आमचं एक "होय म्हाराजा" पुरं व्हायच्या आत पुढचं वाक्य यायचं. चाळण हातात धरून मी बघत होते. भावोजींच्या कपाळावर घाम होता, पण हात हलला नाही. गाऱ्हाणं संपलं आणि त्यांनी लगेच इंजिन बंद केलं.

"पट्टो सैल झालोहा. जेवान येवा सगळे," ते म्हणाले.

लोक गेले. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं. भावोजी डाव्या हातानेच काहीतरी खुडबुड करत बसले.

दुपारी बांगड्याचं तिखलं केलं होतं. भावोजी पानावर बसले आणि म्हणाले, भूक नाही. बांगड्याला नाही म्हणणारा हा माणूस नव्हे. ह्यांनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि हातातला घास खाली ठेवला.

"दादा, हात बघया."

भावोजी हात दाखवीनात. ह्यांनी ओढून तो उघडला. सगळा तळवा फोडांनी भरला होता.

"कित्याक काढूक नाय हात?"

"काढलो असतो तर लोक तुका हसले असते," भावोजी म्हणाले. "जेव आता. धातू वाचलो. मी बघितलंय."

हे जेवले नाहीत. मी भावोजींच्या तळव्याला खोबरेल लावलं, तेव्हा हे जमिनीकडे बघत मलाच सांगू लागले, "विमानात दांडा पोलादी गोळ्यांवर फिरतो, त्याला पातळ तेल पुरतं. इथं सगळा जड दांडा तेलावरच टेकलेला. दाटच तेल हवं. मला कळायला हवं होतं." एवढं कबूल करताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतः जुनं दाट तेल भरलं. इंजिन सुरू झालं. भावोजींचा हात फडक्यात, म्हणून ह्यांनी आपला तळवा बेरिंगवर ठेवला आणि भावोजींनी गाऱ्हाणं घातलं. मुद्दाम लांबवलं. गिरणीचं झालं, भाताचं झालं, गुराढोरांचं झालं. तरी थांबेनात.

"आणि म्हाराजा, वर आभाळात जी काय विमाना फिरतत, माझ्या भावाच्या हाताखालची, त्येंची बेरिंगा थंड ठेव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. ह्यांनी नुसती मान खाली घातली. हात तसाच बेरिंगवर. मग त्यांच्या वाटणीचं मीच म्हटलं.